डॉक्टरांनी पाच किलो सांगितले होते

जमालुद्दीन परकारला हार्ट अटॅक आला तेव्हा तो दुसऱ्याचं सामान मोजत होता. जेद्दाच्या शरफिया भागात कार्गोचं एक दुकान होतं. गल्लीतले मजूर, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन आपापल्या घरी पाठवायची खोकी तिथे घेऊन यायचे. ब्लँकेट, दूध पावडर, साबण, खजूर आणि बायकोने फोनवर सांगितलेल्या नंबराच्या चपला. खोका काट्यावर ठेवायचा, वजन ओरडून सांगायचं, दोरी आवळायची आणि जाड मार्करने नाव-गाव-तालुका लिहायचं. सौदीतल्या बत्तीस वर्षांपैकी वीस वर्षं जमालुद्दीनने हेच केलं. त्या काट्याचं एक गुपित होतं. तो प्रत्येक खोक्याला तीन किलो जास्त दाखवायचा. हे गुपित फक्त जमालुद्दीनला ठाऊक होतं, कारण तो काटा बिघडवणाराही तोच होता.

मार्च २००७ मध्ये एका दुपारी खेडच्या एका वेल्डरचं खोकं उचलताना त्याच्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला, घाम फुटला. वेल्डर बिचारा घाबरून म्हणाला, "चाचा, दोन ब्लँकेट काढतो, पण तुमी असं करू नका." जमालुद्दीन त्याच खोक्यावर टेकला आणि मग जमिनीवर आडवा झाला.

वय सहासष्ट. वजन चौऱ्याऐंशी. इस्पितळात त्याच्या छातीतली नळी उघडून जाळी बसवली. आठव्या दिवशी घरी सोडताना कुठल्याशा देशाच्या तरुण डॉक्टरने घाईघाईत सांगितलं की चार-पाच किलो वजन उतरवा, तेल-मीठ कमी करा, थोडं चालत राहा. हातात एक कागद दिला. त्यावर अंडं, लोणी, मटण, मिठाची बाटली अशी चित्रं होती आणि त्यांच्यावर लाल फुल्या होत्या. मजकूर अरबी आणि इंग्रजीत होता. चित्रं मात्र सगळ्यांना वाचता येत होती, आणि पुढची सगळी वाट त्यामुळेच लागली.

जमालुद्दीनचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, अबू फहद इस्पितळात येऊन गेला होता. माणूस वाईट नव्हता. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "जमाल, शाबानच्या एक तारखेला मला तू दुकानात उभा दिसलास तर इकामा, तुझा इथे राहायचा परवाना, वाढवतो. नाही दिसलास तर खलास, एक्झिटचा शिक्का मारतो, घरी जा आणि आराम कर." रमजानच्या आधी शाबानात कार्गोचा हंगाम असतो, अख्खी शरफिया खोकी घेऊन रांगेत असते. काट्यामागे माणूस लागतो. अबू फहदचं बोलणं रास्त होतं, पण जमालुद्दीनला त्यातले 'घरी' आणि 'आराम' हे दोनच शब्द ऐकू आले.

घरी आराम कसा असतो ते त्याने पाहिलं होतं. दाभोळच्या खाडीकाठी त्याच्या गावात गल्फहून आजारी होऊन परतलेल्या माणसांना पडवीत खुर्ची मिळते. येणारा-जाणारा सलाम करतो, तब्येत विचारतो आणि चार पावलं पुढे गेला की शेजाऱ्याला सांगतो, गेला कामातनं. शरफियात तो जमालभाय कार्गोवाला होता. खुर्चीतला म्हातारा व्हायची त्याची मुळीच तयारी नव्हती. एक शाबानला उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट त्याने मनाशी धरली.

अबू फहदने आणखी एक चांगलं काम केलं. कागदपत्रं हलवून जमालुद्दीनच्या बायकोला, कुबराला, व्हिजिट व्हिसा मिळवून दिला आणि दुकानाच्या वरची खोली रिकामी करून दिली. तोवर जमालुद्दीन गावच्या रूमवर राहायचा. एकाच गावची सात माणसं, एक स्वयंपाकघर, एक संडास. कुबरा बासष्टीला पहिल्यांदा विमानात बसली. तिने विमानतळावर नवऱ्याला पाहिलं आणि सगळ्या लोकांसमोर रडली. जमालुद्दीनला ते फार लागलं. आता ही जे वाढेल ते मुकाट्याने खायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. लग्नानंतर इतका आज्ञाधारकपणा त्याने कधी दाखवला नव्हता, आणि नेमका नको तेव्हा दाखवला.

मग सुरू झाले भेटायला येणारे.

आजाऱ्याला बघायला जाणं पुण्याचं काम आहे, आणि शरफियातल्या कोकण्यांनी या पुण्याचा सपाटा लावला. रोज संध्याकाळी चार माणसं यायची, कुबराच्या हातचा चहा प्यायची, त्या फुल्यांच्या कागदाकडे पाहून मान हलवायची आणि जाताना जमालुद्दीनच्या ताटातलं काहीतरी काढून न्यायची. मटण आणि अंडी कागदानेच नेली होती. कोंबडी नेली गावच्या रूमवरच्या नसरुद्दीनने. हा नसरुद्दीन एसी दुरुस्त करायचा, आणि ज्याला कॉम्प्रेसर कळतो त्याला काळीज कळतंच अशी त्याची पक्की समजूत होती. "भाभी, कोंबडीत इंजेक्शन असतंय," तो म्हणाला आणि कोंबडी गेली. माशात पारा असतो म्हणून सुरमई गेली. बांगडा उष्ण म्हणून गेला. डाळीने गॅस होतो आणि गॅस काळजावर चढतो, म्हणून डाळ गेली. दूध कुणी काढून नेलं ते आता कुणाला आठवत नाही, पण गेलं. खजुरात साखर, शेंगदाण्यात तेल, नारळाचं तर नावच नको. जमालुद्दीनला साखरेचा आजार नव्हता, पण चौकशी कोण करतो?

एप्रिल संपेपर्यंत त्याच्या ताटात दोनच गोष्टी उरल्या. तांदळाची पातळ पेज आणि उकडलेला दुधी, बिनमिठाचा. कुबरा दुधी किसायची, चिरायची, वाटायची, पण काहीही केलं तरी तो शेवटी दुधीच लागायचा. जमालुद्दीन डोळे मिटून गिळायचा. रात्री पोटात कावळे ओरडायचे, आणि हे कावळे म्हणजे औषध लागू पडत असल्याची खूण आहे असं त्याला नसरुद्दीनने पटवलं होतं.

त्यात काट्याची भर पडली. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मंडळी दुकानात जमायची. दुकान त्या दिवशी बंद, म्हणून काटा रिकामा. नसरुद्दीनच्या डोक्यातून निघालं, "जमालभाय, चढा बघू." जमालुद्दीन चढला. ऐंशी. "माशाल्लाह!" सगळे ओरडले. पुढच्या शुक्रवारी अठ्ठ्याहत्तर. मग पंचाहत्तर. मंडळींना चटकच लागली. नमाजेहून येताना लोक आकडे सांगत यायचे, चहाची पैज लागायची. एक जण तर तीनशे किलोमीटरवरच्या यांबूहून खास आला होता. वीस वर्षं जो माणूस दुसऱ्यांची वजनं ओरडून सांगत होता, त्याचं वजन आता अख्खी गल्ली ओरडून सांगत होती, आणि त्याला त्याचा अभिमान वाटत होता. वजन उतरतंय म्हणजे आपण बरे होतोय, असा साधा हिशोब त्याने मांडला होता. मुंब्र्याहून मुलगा, रय्यान, फोन करायचा तेव्हा तो तब्येत सांगायचाच नाही, फक्त आकडा सांगायचा.

डॉक्टरांनी पाच किलो सांगितले होते. शरफियाने एकवीस काढले.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी काट्याने त्रेसष्ट दाखवले. टाळ्या झाल्या. चहा झाला. जमालुद्दीन वर जायला निघाला. खोलीपर्यंत एकोणीस पायऱ्या होत्या. सहाव्या पायरीवर त्याने कठडा धरला, सातव्या पायरीवर तो बसला आणि नंतर त्याला उठता येईना. नसरुद्दीन धावत आला. दोघा-तिघांना हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं, पण काखेत हात घालताच जमालुद्दीन त्याच्या एकट्याच्यानेच उचलला गेला. लहान मूल उचलावं तसा. नसरुद्दीनने त्याला पलंगावर ठेवला आणि कुबराकडे बघितलंसुद्धा नाही. टाळ्या वाजवणारे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"दुसरा अटॅक आला," कुबरा म्हणाली.

दुसरा अटॅक नव्हता. इस्पितळात ईसीजीची पट्टी काढली, रक्त काढलं, काळीज ठीक होतं. मग डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञाच्या खोलीत पाठवलं. तिथे ज्ञानदा नावाची बाई बसली होती, मूळची नाशिकची, तिचा नवरा बँकेत कॉम्प्युटरचं बघायचा. फायलीवरचं आडनाव वाचून ती म्हणाली, "काका, रत्नागिरीचे का?" बत्तीस वर्षांत सौदीच्या सरकारी-निमसरकारी टेबलापलीकडून जमालुद्दीनला कुणी मराठीत विचारलं नव्हतं. त्याला एवढं बरं वाटलं की सगळं खरं सांगून टाकलं. पेज, दुधी, फुल्या, शुक्रवार, सगळं.

तिने त्याला काट्यावर उभं केलं. साठ.

"ताई, तुमचा काटा चुकलाय," जमालुद्दीन ठसक्यात म्हणाला. "काल तर त्रेसष्ट हुतं. वीस वर्सं मी काटाच बघतंय, मना नका सांगू." आणि बोलता बोलता त्याची जीभ अडली. कुणाचा काटा चुकलाय हे त्याच्या लक्षात आलं. इतके शुक्रवार स्वतःच्या लबाडीवर तो स्वतःच चढत होता. तो चपला शोधायला लागला.

ज्ञानदाने दंडाला टेप लावली. पोटरीला लावली. हातात दाबायचं एक यंत्र देऊन म्हणाली, जोरात दाबा. जो माणूस चाळीस किलोचं खोकं एका झटक्यात काट्यावर ठेवायचा, त्याने दात-ओठ खाऊन दाबलं, तरी यंत्राचा काटा जेमतेम हलला. तिने रक्ताचा कागद बघितला, आणि मग ती चिडली. म्हणजे नीटच चिडली.

"काका, तुम्हाला हृदयाचा आजार होता, तो सुधारलाय. आता जो झालाय तो उपासमारीचा. चोवीस किलो गेले, ते चरबीचे गेले असं वाटतं तुम्हाला? तुमच्या मांड्या गेल्यात. दंड गेलेत. या वयात एकदा मांस झडलं की परत यायला नाकी नऊ येतात. आणि हृदय म्हणजे दुसरं काय आहे? तेही मांसच. त्याला उपाशी ठेवून ते धावेल कसं?"

"पन ते कागदावर..." कुबराने पुडीत जपून ठेवलेला कागद काढला.

"काकू, हा कागद पंचेचाळीस वर्षांच्या जाड्या माणसासाठी आहे, जो रोज बर्गर खातो." तिने पेन घेतलं आणि अंड्यावरच्या फुलीवरच काट मारली. "रोज एक अंडं. मासे रोज, तळायचे नाहीत, कालवणात. कोंबडी. डाळ दोन्ही वेळा. लबान, म्हणजे इथलं ताक, दही, मूठभर शेंगदाणे, दोन खजूर. मीठ कमी, पण जेवण कमी नाही. आणि रोज चालायचं, आधी दहा मिनिटं. काका, माझं ऐकाल?"

जमालुद्दीनला दुसऱ्या कशाची पर्वा नव्हती. "शाबानच्या एक तारखेला मी उभा ऱ्हाईन का?"

तिने कॅलेंडर पाहिलं. नऊ आठवडे होते. "जेवलात तर राहाल," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी नसरुद्दीन भेटायला आला, तेव्हा कुबरा दारातच उभी राहिली. "चाय हाय," ती म्हणाली, "पन सल्ला घरी ठेवून या." ही बातमी शरफियात कार्गोपेक्षा वेगाने पोचली. दुसऱ्या दिवसापासून येणारे रिकाम्या हाताने येईनात. ज्याने सुरमई काढून नेली होती तोच जुन्या जेद्दातल्या बलदच्या मासळी बाजारातून सुरमई घेऊन आला, मान खाली घालून. कोंबडी नसरुद्दीननेच परत आणली. डाळीवाला दोन किलो डाळ घेऊन आला आणि गॅसबद्दल एक अक्षर बोलला नाही. शुक्रवारची वजनं बंद झाली. त्याऐवजी जमालुद्दीन संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर कुबराबरोबर गल्लीत चालायला लागला, आधी पानवाल्यापर्यंत, मग मदरशापर्यंत, मग मोठ्या रस्त्याच्या सिग्नलपर्यंत आणि परत.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. पोट इतकं आकसलं होतं की अर्ध्या भाकरीनंतर जेवण वर यायचं. अंडं बघून तो रागवायचा. एकदा त्याने कुबराला म्हटलं, "दुधीच बरा हुता," आणि तिने हातातला कालथा त्याच्यासमोर आपटला. "मेलात तर मी गावाला काय तोंड दाखवू? नवऱ्याला उपाशी मारून आली म्हणतील!" ती रडत होती आणि ओरडत होती. जमालुद्दीनने मुकाट्याने अंडं खाल्लं. तिच्यावर राग येण्याचा आपल्याला काहीच हक्क नाही हे त्याला तेव्हा समजलं. तिने जे काढून टाकलं होतं ते भीतीपोटी काढलं होतं, आणि त्याने जे खाल्लं नव्हतं तेही भीतीपोटीच.

जुलै संपता संपता तो एकोणीस पायऱ्या एका दमात चढला. आकड्यांचा नादच त्याने सोडून दिला होता. इस्पितळाच्या काट्यावर सहासष्ट झाले आणि त्या सहासष्टात या वेळी दंड होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची तपासणी झाली. ज्ञानदाने त्याला लांबच्या लांब बोळात सहा मिनिटं चालवलं, घड्याळ लावून. जमालुद्दीन असा चालला की समोरून येणारी फिलिपिनो नर्स बाजूला झाली. हातातलं यंत्र दाबलं तेव्हा काटा टणकन पुढे गेला. "काका, पास," ज्ञानदा हसून म्हणाली. "मंगळवारी दुकानात उभे राहा. फक्त जड खोकी दुसऱ्याला उचलू द्या."

जमालुद्दीनने वर बघून अल्लाचं शुक्र म्हटलं आणि कुबराकडे वळला. कुबरा उठून उभी राहत होती, आणि उठता उठता तिने भिंतीला हात लावला. तिच्या हातातल्या बांगड्या घसरून कोपरापाशी गेल्या.

ज्ञानदाने ते पाहिलं. "काकू, जरा या इकडे," ती म्हणाली. "सहज."

कुबराने नको नको म्हटलं. मी काय पेशंट हाय? पण ज्ञानदाने हात धरून तिला काट्यावर उभं केलंच. अडतीस. टेप दंडाला लावली तर टेप जवळजवळ मनगटाएवढ्या घेरावर मिटली. ज्ञानदाचा चेहरा गंभीर झाला.

"काकू, काकांच्या पथ्यात तुम्हीही दुधीच खात होतात ना?"

"त्येच खाऊन काय झालं? ते खातात त्ये मी खातंय."

"पण गेले दोन महिने तर काका नीट जेवतायत. तरी असं? हे एवढ्यातलं नाही. गावी असताना काय जेवता?"

कुबरा जमालुद्दीनकडे न बघता म्हणाली, "चाय आनि बेकरीचा बटर."

"सकाळी. आणि दुपारी?"

"सकाळची पेज. रातच्याला चाय-बटर." तिला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "लेक सानिया नांदायला गेली, रय्यान मुंब्र्याला ऱ्हायला. एकटीपुरती कोन चूल पेटवनार? ते आले म्हंजी रांधतंय ना मी."

जमालुद्दीन खुर्चीत बसला. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांची रजा मिळायची. त्या पंचेचाळीस दिवसांत घरात सकाळ-संध्याकाळ सांदण, कोंबडी-वडे, खेकड्याचं कालवण असायचं, पाहुण्यांची रीघ असायची. परत आल्यावर रूमवर तो सगळ्यांना जळवायचा, माझ्या घरचं जेवण काय ते तुम्हाला काय सांगू. कुबरा रोज तसंच जेवते, असंच तो इतकी वर्षं समजत होता. तो विमानात बसला की त्याच दिवशी तिची चूल विझते, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं, आणि विचारायचंही सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. एवढी की ज्ञानदा कुबराला काय खायचं ते सांगत होती, त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरलं नाही.

मंगळवारी, एक शाबानला, तो दुकानात उभा होता. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. दुपारी अस्रच्या नमाजनंतर अबू फहद आला, त्याने काट्यामागे जमालुद्दीनला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "वल्लाह, जमाल! घोडा झालास तू! आण पासपोर्ट, दोन वर्षं इकामा वाढवतो."

जमालुद्दीनने पासपोर्ट दिला. "अबू फहद," तो म्हणाला, "हा हंगाम काढतो. मग एक्झिट मार."

अबू फहदला वाटलं चेष्टा आहे. मग चेष्टा नाही हे लक्षात आल्यावर तो चिडला. "मरायला टेकला होतास तेव्हा राहायचं होतं, आणि आता बरा झालास तर जायचंय? हे काय डोकं म्हणायचं?"

"आजारी होऊन जायचं नव्हतं," जमालुद्दीन म्हणाला. "आता काम आहे तिथं."

काय काम आहे ते त्याने सांगितलं नाही. रांगेतल्या नसरुद्दीनने मध्येच तोंड घालून विचारलंच, गावाला जाऊन काय करणार जमालभाय? तेव्हा जमालुद्दीनने त्याचं खोकं काट्यावरून उतरवलं आणि म्हणाला, "आधी ह्यो काटा दुरुस्त करनार." त्या दिवशी लोकांची खोकी तीन-तीन किलोंनी हलकी झाली. काटा मुळात कुणी बिघडवला होता ते कुणालाच कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

वर खोलीत कुबरा संतापली. खरीखुरी संतापली. हेच दिवस बघायला मी नऊ आठवडे तुमच्या मागे अंडी घेऊन फिरले का? लोक काय म्हणतील? परकार हाकलून दिला म्हणतील. पडवीतल्या खुर्चीत बसून तुम्ही करणार काय?

"जेवनार," जमालुद्दीन म्हणाला. "दोन वेळ. तुझ्यासमोर बसून."

"आनि रांधनार कोन?"

जमालुद्दीनने बाही वर केली आणि तो चुलीपाशी गेला. गावच्या रूमवर स्वयंपाकाची बारी असते, प्रत्येकाचा एक वार. बत्तीस वर्षं जमालुद्दीनने आपली बारी चुकवली नव्हती. शेकडो परक्या माणसांनी त्याच्या हातचं कालवण खाल्लं होतं, बोटं चाटली होती. कुबराने मात्र आजवर एकदाही खाल्लं नव्हतं, कारण गावाला गेला की तो पाहुणा असायचा. त्याने कांदा चिरला, कोकम भिजत घातलं, बांगडे सोडले. भात चढवला. कुबरा पलंगावर बसून बघत राहिली.

दोघं जमिनीवर समोरासमोर बसली. त्याने आधी तिला वाढलं. तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तो तिच्याकडे बघत थांबला.

"मीठ कमी हाय," कुबरा म्हणाली, आणि भाताचं पातेलं तिने स्वतःकडे ओढलं.